ब्रेकच्या डिस्क, दोन नग

"डिस्क मी निवडणार! यात कोणी पडायचं नाही," असं स्टोअरकीपरसाहेबांनी घरात जाहीर केलं. खरं तर पडायला कोणी तयारच नव्हतं. बायकोला एवढंच हवं होतं, की पुढच्या सोमवारी सकाळी आठच्या आत तिच्या वडिलांना गाडीतून डोळ्यांच्या दवाखान्यात नेता यावं. मोतीबिंदूची तारीख चार महिन्यांनी मिळाली होती. चुकली की आणखी चार महिने!

डिस्क म्हणजे पुढच्या चाकामागची लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. यांच्या थाळ्या झिजून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हुडहुडी भरल्यासारखं थडथडायचं.

"साध्या टाका साहेब," मेस्त्री म्हणाला. "गाडी बाजारात जाते आणि घरी येते. तुम्हाला काय विमान उतरवायचंय?"

पण अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस एका शब्दावर माल उचलतो होय? तीन ठिकाणचे नमुने पाहिल्याशिवाय साहेबांनी कधी झाडूसुद्धा घेतला नव्हता. ते व्हर्निअर घेऊन दुकानोदुकानी हिंडले. जाडी मोजली, वजन केलं, तक्ता आखला. साधी, खाचांची, भोकांची, रंग दिलेली.

"ही भोकं कशाला?"

"डिस्क थंड राहते. शर्यतवाले लावतात."

"आमच्या गाडीला चालेल?"

दुकानदाराने बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. "काका, ती आधी गरम तर होऊ द्या!"

तिसऱ्या दुकानात तर सरळ विचारणा झाली, "काका, डिस्क घेताय की सून बघताय?"

घरी बायको कॅलेंडरसमोर उभी. "अहो, गुरुवार उजाडला!"

"घाई केली की माल फसतो."

"आणि उशीर केला की बाबा फसतात!"

शुक्रवारी तक्त्याचा निकाल लागला. साध्या! मेस्त्रीने शनिवारी दोन तासांत बसवल्या आणि बजावलं, "पॅड नव्या डिस्कला घासून नीट बसेपर्यंत ब्रेक जरा बेताने दाबा."

इथवर सगळं सुरळीत होतं. रविवारी सासऱ्यांच्या मानाखातर साहेबांनी गाडी धुतली आणि तिथेच माशी शिंकली. संध्याकाळी चाकाच्या फटीतून पाहतात तो काय, नव्याकोऱ्या डिस्कवर तांबूस गंज!

धुतल्यावर डिस्कवर असा गंज चढतोच, आणि दोन ब्रेक मारले की घासून जातो. हे गाडी चालवणारा कोणीही सांगेल. पण साहेब गाडीवाले कमी आणि स्टोअरवाले जास्त. त्यांच्या स्टोअरात अठ्ठावीस वर्षांत खिळ्यालासुद्धा गंज चढला नव्हता, आणि का, तर प्रत्येक लोखंडी वस्तूला ते स्वतः ग्रीस चोपडत. त्यांनी डबा आणला, बाह्या सारल्या आणि बोट पोचेल तिथवर दोन्ही डिस्क माखून काढल्या. मग निवांत झोपले.

सोमवारी सासरे पुढच्या सीटवर बसले, बायको मागे. म्हातारबुवांनी तीस वर्षं बस चालवलेली. आता डोळ्यांपुढे दाट धुकं.

"जावईबापू, ब्रेक ठीक आहेत ना?"

"बाबा, मोजून घेतलेत!"

सकाळचा रस्ता रिकामा. ब्रेकचं काम पहिल्यांदा पडलं ते थेट दवाखान्याच्या फाटकाशी. साहेबांनी पाय दाबला. गाडी फेरफटका मारायला आल्यासारखी फाटकातून सावकाश थेट आवारात निघाली.

"अहो, फाटक मागे राहिलं!"

"दाबतोय ना!"

"काय दाबताय?"

"ब्रेक!"

समोर भिंतीशी चाकांच्या रिकाम्या खुर्च्यांची रांग. सासऱ्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. पण गाडी थांबत नाहीये हे कळायला बसवाल्याला डोळे लागत नाहीत. त्यांनी हात घालून हँडब्रेक खेचला. तो मागच्या चाकांना लागतो, आणि मागच्या चाकांची निगा जावयांनी अजून राखली नव्हती. गाडी पहिल्या खुर्चीपासून वीतभर अंतरावर थांबली. सात वाजून बावन्न मिनिटं!

नर्सने सासऱ्यांचं बीपी पाहिलं. उत्तम! मग तिची नजर जावयांकडे गेली आणि तिने त्यांनाच शेजारच्या खाटेवर आडवं केलं.

ऑपरेशन वेळेवर झालं. मेस्त्री येऊन गाडी ओढून घेऊन गेला होता. दुपारी त्याचा फोन आला. "साहेब, डिस्क पुसून घेतल्या. पण पॅड पार तेल प्यायलेत, नवे लागतील. तीन प्रकार आहेत. कोणते टाकू?"

साहेब खाटेवर उठून बसले. खिशातून पेन्सिल निघाली, औषधाच्या चिठ्ठीमागे उभ्या रेघा पडू लागल्या. एवढ्यात डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासऱ्यांनी चाचपडत फोन ओढून घेतला.

"मेस्त्री, हाताला येतील ते टाक! आणि चाकावर पाटी लाव, जावयांनी तेल लावू नये!"

बायको इतकी हसली की नर्स धावत आली.

"तेल नव्हतं, ग्रीस होतं," साहेब हळूच म्हणाले.