ब्लाउजपीसचे गुलाब

पायलच्या साखरपुड्याची सजावट घरीच करायची, हा निर्णय वैजयंतीने मोबाइलमधल्या एका बाईच्या भरवशावर घेतला. ती बाई रोज सकाळी हसतमुखाने सांगायची, की घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून सुंदर फुलं होतात आणि खर्च जवळजवळ शून्य येतो. वैजयंतीने लगेच मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून तार, हिरवी टेप, गोंदाची बंदूक, मणी, चमकी आणि पुठ्ठ्याचे चार मोठे तक्ते आणले. शून्य खर्चाच्या फुलांना एवढं तर लागतंच. आता फक्त टाकाऊ वस्तू मिळायची राहिली होती.

"अहो, आपल्याकडं टाकाऊ काय आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी सोडून?" शहाजीने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. "काय करायचं ते कर, पण त्या रंभाबाईंपुढं हसं करू नको. आधीची दोन स्थळं मोडलीत त्यांनी. एक चहा पाणचट होता म्हणून, आन् दुसरं पोरीच्या मामानं जेवताना ढेकर दिली म्हणून."

पायल ही शहाजीची धाकटी बहीण. ती पुण्यात नोकरी करायची आणि साखरपुड्याच्या सकाळीच पोचणार होती. मोडनिंबचा इंद्रजीत तिला मनापासून आवडला होता, त्यालाही ती आवडली होती. पण त्या घरात इंद्रजीतच्या आवडीनिवडीला संध्याकाळच्या भाजीपुरतीसुद्धा किंमत नव्हती. सगळं त्याची आई रंभाबाई ठरवायची, आणि साखर तोंडात पडेपर्यंत तिचा काही नेम नसायचा.

सासूबाई गोजाबाई बहिणीला आणायला दोन दिवस कुंभारीला गेल्या होत्या. टाकाऊ वस्तू शोधत वैजयंती त्यांच्या पलंगाखाली शिरली आणि तिला लोखंडी ट्रंक सापडली. आत घडी घातलेले चौऱ्याऐंशी ब्लाउजपीस होते.

ओटीत मिळालेला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तो कुठल्याच साडीला जुळत नाही आणि कुठल्याच बाईला पुरत नाही. तो मिळाला की घडी न मोडता पेटीत टाकायचा आणि पुढची बाई आली की तिच्या ओटीत घालायचा. जिल्ह्यातल्या बायका एसटीने फिरतात त्याहून जास्त हे पीस फिरतात. यात एकच नियम कडक आहे: जिने दिला, तिलाच तो परत जाता कामा नये. म्हणून गोजाबाईंनी प्रत्येक पिसाला देणारीच्या नावाची चिठ्ठी शेजारच्या पोराकडून लिहून टाचली होती. वैजयंतीने त्या चिठ्ठ्या टाचण्यांसकट काढून कचऱ्यात टाकल्या. टाचणी बोटाला लागली असती ना.

दोन दिवस घरात कात्री चालली. सजावट झकास झाली हे मात्र कबूल करायला हवं. हॉलच्या भिंतीवर गुलाब, शेवंत्या, कळ्या आणि मधोमध परातीएवढा हिरवा गुलाब. त्याच्या पोटात, कापडावरच कुणीतरी रेशमाने भरलेला एक पोपटही होता. तो वैजयंतीला आयताच मिळाला.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांच्या आधी जेमतेम पाच मिनिटं गोजाबाई बहिणीला, मायाक्काला घेऊन रिक्षातून उतरल्या. पायल तोवर पार्लरमधून येऊन आतल्या खोलीत साडी नेसत होती.

"कशाची गं ही फुलं?" गोजाबाईंनी कौतुकाने विचारलं.

"घरातलंच टाकाऊ, आत्या. ट्रंकेत नुसतं पडून होतं."

"कुठल्या ट्रंकेत?"

वैजयंतीने सांगितलं आणि गोजाबाई होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. "आगं बया! टाकाऊ न्हाय ते! ज्यांनी दिलं त्या समद्या आज हितं येणार हायत! आन् वटीत आता काय घालू मी, गुलाब? काढ, आधी काढ ते!"

वैजयंतीने स्टूल ओढलं, एवढ्यात खाली मोडनिंबच्या जीपचा हॉर्न वाजला.

पहिली दहा मिनिटं सरबतात गेली. मग मोहोळच्या मामींनी मान तिरकी करून भिंतीकडे पाहिलं.

"हा जांभळा मी दिल्ता न्हवं? गौरीच्या वक्ताला?"

"तुमचं निदान फूल तरी केलंय," थोरल्या काकू म्हणाल्या. "माझ्या खणाची कळी केलीया बघा. कळी!"

"आन् माझं चपलांच्या कपाटावर का म्हणून लावलंय?" तिसरी उठून उभी राहिली.

बघता बघता सगळ्या बायका भिंतीशी जमल्या आणि आपापला माल ओळखू लागल्या. कुणाच्या पाकळ्या किती, कुणाला चमकी लावली आणि कुणाला नाही, यावरून आवाज चढले. कुणालाही तो पीस कधी शिवायचा नव्हता, पण अपमान प्रत्येकीचा झाला होता. पायलचं लग्न आपल्या हातच्या फुलांनी मोडणार, असं वैजयंतीला स्पष्ट दिसायला लागलं.

रंभाबाईने सरबताचा ग्लास खाली ठेवला. बायका लगेच आपापल्या जागी जाऊन बसल्या.

"आमच्यात दिलेल्या वस्तूचा मान ठेवत्यात," ती म्हणाली. "कुणी सुपारी दिली तरी आमी देव्हाऱ्यात जपून ठेवतो. हितं लोकांच्या मानाला कात्री लागती. उद्या आमच्या मानाचं काय करतील, वाती? इंद्रजीत, ऊठ."

इंद्रजीत उठला. त्याला तेवढंच शिकवलेलं होतं.

"इहीणबाई, पोर नवी हाय वो, न्हाय कळलं तिला," गोजाबाई हात जोडायला लागल्या. शहाजी तोंड पाडून दारात उभा राहिला.

त्याच वेळी पायल साखरेचं ताट घेऊन बाहेर आली. तिची नजर भिंतीवर गेली आणि ती हरखून ओरडली, "अय्या, माझा पोपट! वैनी, हा कुठनं मिळाला?"

"तुझा पोपट?" वैजयंतीने विचारलं.

"मीच भरलाय की! बघायला आले होते तेव्हा, तू माहेरी होतीस बघ. आईनं ओटीत घातला होता यांच्या..." पायलने रंभाबाईकडे पाहिलं आणि जीभ चावली.

गोजाबाईंचे जोडलेले हात हळूहळू सुटले. त्या भिंतीजवळ गेल्या आणि पोपट नीट निरखून बघितला. "मायाक्का," त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात हिरवा पीस तू दिल्तास मला. म्या घडी न मोडता ट्रंकेत टाकला. तुला कुणी दिला?"

"मला व्हय? आमच्या शेजारच्या दाक्षायणीनं. ती बघ की, हितंच बसलीया."

दाक्षायणी ही रंभाबाईचीच भाची. ती आधीच मावशीकडे जाऊन मोडनिंबच्या जीपमधूनच आली होती आणि आता पदराशी चाळा करत होती.

"आन् तुला गं, पोरी?"

"मावशीनंच दिला," दाक्षायणी पुटपुटली. "'येड्यावानी कसली तरी चिमणी काढलीया ह्याच्यावर, तू घिऊन जा' म्हणली."

सगळ्या बायका रंभाबाईकडे बघायला लागल्या. इंद्रजीत अजून उभाच होता.

"आई," त्याने अतिशय नम्रपणे विचारलं, "बसू का उभाच राहू?"

"बस की! उभं राहायला काय झालं?" रंभाबाई गरजली आणि मग पदर सावरून गोड हसली. "फुलं लई झकास झाल्यात. साखर आणा, मुहूर्त टळंल."

आता गंमत बघा, मोहोळच्या मामींनाही जांभळा गुलाब एकाएकी शोभून दिसायला लागला. कळी हीच खरी नाजूक, असं थोरल्या काकू म्हणाल्या. 'तुला कुणी दिला' हा प्रश्न आपल्यापर्यंत येऊ नये, म्हणून त्या सगळ्याजणी घाईघाईने अक्षता घेऊन उभ्या राहिल्या. साखरपुडा वेळेच्या आधी पार पडला.

निघताना ओटीत नुसता नारळ आणि तांदूळ पडले, पण कुणी एक शब्द काढला नाही. रंभाबाई जीपपर्यंत गेली, पुन्हा माघारी आली आणि वैजयंतीला कोपऱ्यात घेऊन गेली.

"लग्नाचं स्टेजबी तुमीच करा. कापड मी पाठवते, दोन ट्रंका भरून हाय आमच्याकडं."

"हो, मावशी."

"पर बारीक कापा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "वळखू यायला नको."