हवा शुद्ध आहे, पेटवा

झाडावरून पान पडतं ही निसर्गाची बाब आहे. पडलेल्या पानाचं पुढे काय करायचं ही प्रशासनाची. या दोन बाबींच्या कात्रीत एक गल्ली सापडली होती आणि त्या गल्लीत, शेवटून दुसऱ्या घरात, कंपाउंडर आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत होते. दवाखान्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी लोक त्यांना कंपाउंडरच म्हणत. बहिणीला अख्खी गल्ली अक्का म्हणे. अक्कांना दमा होता आणि जीभ होती, आणि दोन्हींवर कंपाउंडरांकडे औषध नव्हतं.

अक्कांची आयुष्याकडे आता एकच मागणी उरली होती. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शब्द सुनवायचे आणि छातीभर श्वास घ्यायचा. एवढंच. पण गल्लीत प्रत्येक घरामागे अंगण, प्रत्येक अंगणात झाड आणि प्रत्येक झाडाच्या मालकाकडे काडेपेटी. रोज कुणी ना कुणी पाचोळा पेटवायचं आणि धूर बरोबर वाट काढत अक्कांच्या ओट्यावर यायचा. अक्का खोकत खोकत आत जायच्या आणि तिथून आवाज यायचा, "बाळ, त्या मेल्याला सांग, मी अजून जिवंत आहे!"

तो मेला म्हणजे समोरचे कंत्राटदार. गल्लीतला सगळ्यात मोठा ढीग त्यांचा. कंपाउंडर एकदा हात जोडून त्यांच्या अंगणात गेले.

"अक्कांना फार त्रास होतो हो. खड्डा करून पुरलात तर खत तरी होईल."

"कंपाउंडर, पानं माझी, अंगण माझं, काडी माझी."

"मग धूरही तुमचाच. तो तेवढा घरात घ्या."

कंत्राटदार मनापासून हसले आणि त्यांनी आणखी एक टोपली ओतली. कंपाउंडरांनी घरी येऊन कपडे बदलले आणि सरळ सरकारी कचेरी गाठली.

हवा शुद्धता कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. कक्षाच्या खिडक्या उघडत नसत, त्यामुळे बाहेरच्या हवेचा तिथे अगदी निःपक्षपातीपणे विचार होई. कक्षाचे प्रमुख कंपाउंडरांना बघून खुर्चीतून उठलेच.

"या, या, बसा! तक्रार आहे? हवेबद्दल? अहो, इथे लोक येतात ते फक्त शौचालय कुठे आहे ते विचारायला!"

प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि काही दिवसांतच नियंत्रित ज्वलन नियमावली जारी झाली. नियम साधा होता. हवा आधीच खराब असेल तर पाचोळा जाळण्यास सक्त मनाई. हवा शुद्ध असेल तर मात्र परवाना घेऊन खुशाल जाळा, कारण शुद्ध हवेत धूर सामावून घेण्याची क्षमता असते. कंपाउंडरांना हे वाचताना कुठेतरी खटकलं. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं मुकाट्याने बांधून द्यायची आयुष्यभराची सवय. त्यांनी नियमावलीची घडी घालून खिशात ठेवली.

तक्रारदाराचा मान म्हणून हवा मोजणारं यंत्र कंपाउंडरांच्याच फाटकाशी, एका खांबावर बसवण्यात आलं. यंत्रावर एक दिवा. लाल म्हणजे मनाई, हिरवा म्हणजे परवानगी. उद्घाटनाला प्रमुख स्वतः आले, भाषण झालं, फोटो निघाले. अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "दिव्याला काय कळतंय? मला विचारा की. मी एक श्वास घेऊन सांगते."

"आजी, तुमचं मत अमूल्य आहे," प्रमुख नम्रपणे म्हणाले, "पण प्रमाणित नाही."

सुरुवातीला दिवा लाल राहिला. रस्त्याची धूळ होती, गाड्या होत्या. कुणी जाळेना. कंत्राटदार रोज खांबाखाली येऊन मान वर करून बघत आणि चडफडत परत जात. जाळत नाहीत म्हटल्यावर हवा दिवसेंदिवस सुधारू लागली. अक्का सकाळ-संध्याकाळ ओट्यावर. त्यांचा आवाज इतका खणखणीत झाला की शिवणकाम करणाऱ्या काकूंनी रस्ताच बदलला. कंपाउंडरांना वाटलं, जिंकलो.

आणि सुधारता सुधारता एके दिवशी हवा शुद्ध झाली. हिरवा दिवा लागला.

"लागला रे लागला!" कंत्राटदार ओरडले आणि गल्लीत एकच धावपळ उडाली. इतक्या दिवसांचे साठलेले ढीग एका दमात पेटले. पुन्हा हिरवा कधी लागेल कुणी सांगावं? ज्यांच्याकडे पाला संपला त्यांनी जुन्या टोपल्या टाकल्या. काकूंच्या अंगणात झाडच नव्हतं, तरी त्यांनी कापडाच्या चिंध्या पेटवल्या. "झाड नाही म्हणून काय हक्क सोडू?" त्यांचंही बरोबरच होतं. घटकाभरात गल्लीत समोरचा माणूस दिसेना. दिवा तेवढा लाल झालेला अंधूक दिसत होता, पण नियमावलीत स्पष्ट म्हटलं होतं की, हिरव्या दिव्यात पेटवलेलं लाल दिव्यात विझवू नये. कंपाउंडरांनी ओल्या कापडांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि अक्कांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. दुसरं काय करणार?

धूर निवळल्यावर ते कक्षात गेले. प्रमुखांनी त्यांना मिठीच मारायची बाकी ठेवली.

"अभिनंदन! तुमच्या गल्लीत शुद्ध हवेचा दिवस नोंदला गेला!"

"साहेब, त्याच दिवशी माझी बहीण मरता मरता वाचली."

"अरेरे. म्हणजे त्या शुद्ध दिवशी बाहेर बसल्या होत्या की काय?"

"मग कधी बसायचं?"

"अशुद्ध दिवशी. तेव्हा हवा चांगली असते ना!" प्रमुखांना स्वतःचंच म्हणणं इतकं पटलं की त्यांनी लगेच परिपत्रक काढलं. "श्वसनाचे विकार असणाऱ्या नागरिकांनी शुद्ध हवेच्या दिवशी घराबाहेर पडू नये."

पुढच्या हिरव्या दिव्याला अक्कांना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर कंपाउंडरांच्या चांगल्या ओळखीचे. ते त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुला आडपडद्याने काय सांगू? आणखी एक असा दिवस त्यांना झेपायचा नाही."  आईच्या मागे याच बहिणीने कंपाउंडरांना लहानाचं मोठं केलं होतं. आता या वयात त्यांना पोरकं व्हायचं नव्हतं, आणि तेही एका दिव्यापायी.

उपाय सापडला तो दुधामुळे. सकाळी अक्कांच्या उशाशी बसून कंपाउंडर दुधाचं पातेलं विसरले. दूध करपलं, पातेलं काळंठिक्कर पडलं. धूर सोडत असलेलं ते पातेलं त्यांनी फाटकाशी नेऊन ठेवलं आणि सहज वर बघितलं, तर आत्ताच हिरवा झालेला दिवा पुन्हा लाल. अख्ख्या गल्लीची हवा एका पातेल्याने अशुद्ध झाली होती. कंपाउंडर तिथेच दारात उभे राहून हसू लागले.

तेव्हापासून रोज सकाळी फिरायला निघण्याआधी ते एका डब्यात मूठभर ओला पाला घेत, खांबाखाली ठेवत आणि काडी लावत. दिवा लाल होई. मूठभर धूर यंत्राच्या नाकात जाई, उरलेली गल्ली निर्धोक. अक्का ओट्यावर परतल्या. सगळं त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"म्हणजे आता तू जाळतोस होय रे?"

"तुझ्यासाठी, अक्का."

"जाळ बाबा. पण कंत्राटदाराला कळलं तर तो तुला जाळेल."

ऋतू बदलला. गल्लीची हवा अशी झाली की लोक विनाकारण उशिरापर्यंत बाहेर गप्पा मारत बसू लागले. काकूंचा जुना खोकला गेला. आणि लोक भयंकर चिडले. सततचा लाल दिवा! शहरात सगळ्यात खराब हवा आपलीच! कंत्राटदारांनी शुद्ध हवा संघर्ष समिती स्थापन केली. "शुद्ध हवा आमच्या हक्काची!" अशा घोषणा देत माणसं भर सकाळी मोर्चा घेऊन निघाली, मोठमोठ्याने, ठणठणीत फुप्फुसांनी. मोर्चा नेमका कंपाउंडरांच्या फाटकाशी आला आणि कंपाउंडर डब्यासकट रंगेहाथ सापडले.

सुनावणी कक्षात झाली. आरोप गंभीर होता आणि खोटाही नव्हता. गेल्या अख्ख्या ऋतूत गल्लीत रोज जाळणारा इसम एकच, तो म्हणजे कंपाउंडर.

"हो, जाळलं," कंपाउंडर म्हणाले. "पण छातीवर हात ठेवून सांगा, या दिवसांत कुणाला एकदा तरी खोकला आला?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. काकू हळूच म्हणाल्या, "तसं हवा छान होती, खोटं कशाला बोलू?"

"छान होती," कंत्राटदार गरजले, "पण हिरवी नव्हती ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपाउंडरांना समज देऊन सोडण्यात आलं, पण या प्रकरणातून कक्षाला मोठा धडा मिळाला. यंत्र फारच नाजूक आहे. कुणीही यावं आणि त्याला धूर द्यावा, हे चालायचं नाही. यंत्राच्या प्रकृतीची काळजी घेणं कक्षाचं कर्तव्य होतं. म्हणून खांबाभोवती चांगलं खोलीएवढं काचघर उभारण्यात आलं. कुठे फट नाही, आत हवा गाळून सोडणारा पंखा. यंत्र त्या निर्मळ हवेत सुखाने मोजमाप करू लागलं आणि दिवा कायमचा हिरवा झाला.

मग काय विचारता! रोजच शुद्ध हवेचा दिवस. गल्ली रोज पेटू लागली. शहरातल्या सर्वांत शुद्ध हवेचं पारितोषिक गल्लीला मिळालं. ते घ्यायला कंत्राटदार तोंडाला रुमाल बांधून गेले. अक्का मागच्या खोलीत, ओल्या कापडांच्या आड. बोलायची ताकद राहिली नव्हती, नुसत्या बघत राहायच्या. ती नजर कंपाउंडरांना बघवेना. एकदा धुरातून वाट काढत औषध आणताना ते काचघरापाशी थबकले. यंत्राशेजारी एक खुर्ची आरामात बसली असती. ते तसेच कक्षात गेले.

"उत्तम कल्पना!" प्रमुख म्हणाले. "श्वसनग्रस्तांसाठी आसन योजना. मंजूर समजा! फक्त एक अट आहे. काचघराचा खर्च भागतो जाळण्याच्या परवान्यांतून. तेव्हा जो जाळतो त्याच्याच घरच्या माणसाला आत बसता येईल. न्यायाचं आहे ना?"

"साहेब, मी जाळत नाही."

"तिथेच तर गाडं अडलंय."

"नुसता परवाना काढला तर?"

"वापरात असलेला हवा. रोज थोडं जाळा. तुम्हाला तर सवय आहे."

दुसऱ्या दिवशी अक्का काचघरात जाऊन बसल्या. किती दिवसांनी त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. बाहेर रांग लागली होती. काकू होत्या, कंत्राटदारांचे वडील होते, प्रत्येकजण खोकत होता आणि प्रत्येकाच्या हातात परवाना होता. कंपाउंडर मागच्या अंगणात गेले. त्यांनी पाला गोळा केला आणि काडी ओढली.

"शाब्बास!" समोरून कंत्राटदारांचा आवाज आला. "आलात एकदाचे माणसांत!"

काचेआडून अक्कांनी आपल्याच घरावर चढणारा धूर पाहिला. त्या ताडकन उठल्या आणि दोन्ही हातांनी काचेवर थापा मारू लागल्या. काहीतरी ओरडतही होत्या, पण काचघर फार पक्कं बांधलेलं, बाहेर काही ऐकू येत नव्हतं. धुरातूनच ओट्यापर्यंत येऊन कंपाउंडरांनी हाताने खूण केली, बस, बस, तू बस. मग त्यांनाही खोकल्याची उबळ आली आणि ते ओट्याची कड धरून खाली बसले.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या, हसताना छाती मोकळी होते. पण तुमच्या अंगणाच्या कोपऱ्यात तो जो ढीग लोटून ठेवलाय, तो आम्हाला दिसतोय बरं का. आणि घरात कुणीतरी खोकतंय, तेही ऐकू येतंय. मग वाचत काय बसलात? दिवा हिरवाच आहे. पेटवा लवकर, रांग वाढत चाललीय.