चार वेळा धुतलेला शर्ट

तळघरातल्या धुण्याच्या खोलीत सिक्स्टन अहल्क्विस्ट गुडघ्यांवर बसून मशीनच्या काचेतून आपला पांढरा शर्ट तिसऱ्यांदा भिजताना बघत होता. तीन वाजता चर्चमध्ये बहिणीचं लग्न होतं, त्यात त्याला गायचं होतं, आणि त्याच्या मालकीचा पांढरा शर्ट एवढा एकच होता. मशीनचं दार लॉक होतं. बारा वाजून गेले होते.

दोष त्याचाच होता. इमारतीत कोणी कधी कपडे धुवायचे ते सांभाळणारा प्रोग्राम एकोणीस वर्षांचा. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. "तू कॉम्प्युटरवालाच ना?" असं म्हणून वार्षिक सभेने ते काम सिक्स्टनच्या गळ्यात मारलं. त्याने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना, आभासी कॉम्प्युटर तयार केला आणि प्रोग्राम त्यात ठेवला. प्रोग्राम खूश झाला. रुसली ती रहिवाशांची कार्डं वाचणारी यूएसबीची डबी.

मशीन कपडे पिळायला लागलं की थडथडायचं, भिंत थरथरायची, भिंतीवरच्या फळीवरची डबी क्षणभर निसटायची आणि परत यायची ती नवा नंबर घेऊन. आभासी कॉम्प्युटर तिला ओळखच दाखवायचा नाही. डबी नाही म्हणजे कार्ड नाही, कार्ड नाही म्हणजे माणूस नाही, असं ठरवून प्रोग्राम मशीनची वीज तोडायचा. सिक्स्टनने डबी पुन्हा आत जोडून दिली की वीज यायची, आणि मशीन सगळं विसरून पहिल्या पाण्यापासून सुरुवात करायचं.

शेवटी वैतागून त्याने कॉम्प्युटरला सरसकट हुकूम दिला: यूएसबीला जे म्हणून लावलेलं दिसेल, ते आभासी कॉम्प्युटरला देऊन टाक.

कॉम्प्युटरने हुकूम पाळला. डबी दिली. माउस दिला. कीबोर्डही दिला. आता हुकूम मागे घ्यायचा तरी कशाने? सिक्स्टनने कीबोर्ड उपटून परत लावला; नवीन काहीतरी आलं म्हणून तोही तत्परतेने आत गेला. एवढा आहेर एकदम बघून आभासी कॉम्प्युटरने 'नवीन वस्तू सापडल्या' असं जाहीर केलं आणि त्या आनंदात स्वतःला बंद करून घेतलं. सिक्स्टनने खऱ्या कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. सगळं विझलं, तो हुकूम सोडून सगळं परत आलं, आणि शर्ट चौथ्यांदा भिजू लागला.

एकला पाच कमी असताना चौथ्या मजल्यावरच्या योर्डिसबाई टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, उशीर शून्य.

"एक वाजल्यापासून खोली माझी आहे."

"ठाऊक आहे, योर्डिसबाई."

"मग हे काय?"

"डबी सारखी नवा नंबर घेऊन येते."

"फरार आहे का ती?"

"मशीन हललं की होतं तसं."

"मग मशीन हलू देऊ नकोस."

"अहो, ते इतकं सोपं नसतं! यूएसबीचा पत्ता आणि आभासी..."

योर्डिसबाईंनी टोपली खाली ठेवली. भिंतीवर एक चिठ्ठी होती: 'ज्यांना कॉम्प्युटर येत नाही त्यांनी तो दुरुस्त करू नये. – एक रहिवासी.' चिठ्ठ्यांखाली नाव कधीच नसायचं; योर्डिसबाईंचं अक्षर मात्र अख्खी इमारत ओळखायची. त्यांनी ती काढली, तिच्या बऱ्याच घड्या घातल्या आणि म्हणाल्या, "उचल." सिक्स्टनने मशीनचा कोपरा कसाबसा उचलताच त्यांनी ती पुढच्या डाव्या पायाखाली सारली.

एक वाजून गेल्यावर मशीन पिळायला लागलं. सिक्स्टनने डोळे मिटले. मशीन जागचं हललं नाही. डबीचा हिरवा दिवा ढिम्म.

"चार वर्षं डुगडुगतंय ते," योर्डिसबाई म्हणाल्या.

"मग सांगायचं नाही का कोणाला?"

"चिठ्ठी लावली होती. वाचतं का कोणी?"

"तुमची वीस मिनिटं गेली. माफ करा."

"असू दे रे. बहिणीचं लग्न आहे तुझ्या. मी काय राक्षस आहे?"

तीन वाजता सिक्स्टन ओल्या कॉलरने गायला. शर्ट इतका पांढरा झाला होता की फोटोंत नवरीपेक्षा तोच उठून दिसला.

सोमवारी भिंतीवर नवी चिठ्ठी होती: 'शनिवारी एक ते एक वीस, माझ्या वेळेत, कोणीतरी शर्ट धूत होतं. कोण ते मला माहीत आहे. – एक रहिवासी.'

सिक्स्टनने ती दोनदा वाचली. मग काढली आणि शांतपणे घड्या घालायला घेतल्या. शेजारचं मशीनही जरा डुगडुगत होतंच.