राणी बदलायची आहे

कांद्याला गोंडे आले आणि नेमकी तेव्हाच सगुणाबाईची मधपेटी गप्प पडत चालली. पिंपळगाव रेणुकाईच्या त्या घरात मालक आधीच गेलेले, आणि दिवाळीपासून आवाज म्हणावा तो तेवढाच होता. रोज संध्याकाळी बाई पेटीला कान लावून बसायची, दिवसभराचं बोलून घ्यायची. आता आत नुसते जाडे, ऐतखाऊ नर फिरत होते. कामाच्या माश्या दिवसागणिक कमी.

बाईनं वाटूरच्या तातेरावांना फोन लावला. ते राणीमाश्या तयार करून देतात. त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून बाई अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडली.

"राणी कामातून गेली बघा. तीन वर्षं झाली, कूस आटली तिची. दुसरी पाठवा. हो, आधी जुनीला मारावं लागतंय, म्हाईत हाय. मारते मी."

कुंपणापलीकडं शेजारीण दैवशाला शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

यात दैवशालाचा दोष काढायला जागा नव्हती. गावात राणी एकच, सगुणाबाईची सून आकांक्षा. लग्नाला तीन वर्षं झालेली. आणि हे नाव पाडलं होतं खुद्द बाईनंच. सून सात वाजता उठते म्हणून "राणी सरकार उठल्या का?" असं ती भर अंगणात विचारायची. दिवाळीत तिनं ते व्याह्यांसमोर विचारलं, आणि सून जालन्याला गेली ती परतली नाही. मुलगा आदिनाथ तिथंच एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात. तो फोन करायचा, पण जेवलीस का याच्या पुढं गाडी सरकायची नाही. कधी येता, एवढंच बाईला विचारायचं होतं. चार महिने ते तोंडातून निघालं नव्हतं.

दैवशालाकडून बातमी गावभर फिरली आणि दुपारपर्यंत एक बाई येऊन नवस सांगून गेली. दुसरीनं भोकरदनच्या डॉक्टरीणबाईचा पत्ता दिला. गावाला माश्यांची एवढी काळजी आहे हे बाईला नवीनच होतं. पण चार महिन्यांत ओट्यावर इतकी माणसं बसली नव्हती, म्हणून तिनं चहाचं मोठं पातेलं ठेवलं. तिसरीनं हळूच भाचीचा फोटो दाखवला. "नाक बरं हाय," बाई म्हणाली. गावानं तो होकार धरला.

मग पोलीस पाटील धर्मराज आला. त्यानं चहा घेतला नाही.

"सगुणाकाकू, मारायची भाषा बरी न्हाई."

"माझी राणी हाय. मारीन न्हाई तर पाळीन. तुला काय करायचंय?"

धर्मराजनं तिथूनच आदिनाथला फोन लावला.

चारच्या सुमाराला आदिनाथची मोटारसायकल दारात थांबली. आकांक्षा उतरली आणि थेट सासूपुढं उभी राहिली. "मला मारून दुसरी आणणार होता म्हणं तुम्ही."

बाईनं ओट्यावर बसलेल्या दैवशालाकडं पाहिलं, भाचीच्या फोटोकडं पाहिलं, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. माफी मागणं तिला येत नव्हतं. तिनं सुनेचा हात धरून पेटीपाशी नेलं, झाकण काढलं आणि बोट दाखवलं. पंख झिजलेली, पाठ उघडी पडलेली एक लांबट माशी रिकाम्या पोळ्यावरून एकटीच चालत होती.

"ही राणी. हिचं बोलून राह्यले होते."

ओट्यावर सगळ्यांनी एकदमच आपापल्या चपला शोधल्या. आकांक्षा मात्र वाकून बराच वेळ बघत राहिली.

"हिला मारायचं?"

"एका पेटीत दोन राण्या न्हाई ऱ्हात."

"मंग दुसरी पेटी मांडू. म्हातारी ऱ्हाईल हिच्यातच."

बाईनं झाकण उगाच दोनदा बसवलं. नवी राणी रुळेपर्यंत मी थांबते, असं आकांक्षा आदिनाथला सांगत होती, ते तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सकाळी साडेसहाला तातेरावांचा फोन आला. राणी तयार आहे, आजच्याच यष्टीनं पाठवू का?

बाईनं आतल्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं, फोन पदराखाली घेतला आणि लांब गोठ्यात गेली.

"घाई करू नका," ती कुजबुजली.

"आँ? मोठ्यानं बोला."

"मोठ्यानं न्हाई जमत. राणी झोपलीय."