मावशीचा अर्थबोध

देशाची वनसंपत्ती वाढवायची तर आधी नकाशा वाढवावा लागतो. झाडं मागाहून येतात, किंवा येत नाहीत. याच उदात्त विचारातून राष्ट्रीय उद्यान (विस्तार व अर्थबोध) कायदा एकमताने संमत झाला. (विरोधक जेवायला गेले होते.) विस्तार म्हणजे हद्द पुढे सरकवणे. अर्थबोध म्हणजे हद्दीतल्या प्रत्येक गोष्टीसमोर माहितीचा फलक लावणे. कारण पाहणीत आढळलं होतं की शंभरातल्या ब्याण्णव पर्यटकांना झाड दिसतं पण कळत नाही, आणि उरलेले आठ स्वच्छतागृह शोधत असतात.

फलक लिहायचं काम उद्यान कचेरीतल्या एका कारकुनाकडे होतं. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव मेणासारखा. आई लहानपणीच गेलेली, वाढवलं मावशीनं. नवी हद्द साहेबांनी जाड पेननं आखली (जमिनीवर ही जाडी चारशे फूट भरते) आणि नेमकं त्या रेघेत मावशीचं घर सापडलं.

कलम सातनुसार हद्दीत दोनच गोष्टी असू शकतात: नैसर्गिक किंवा अतिक्रमण. अतिक्रमण तीस दिवसांत पाडायचं. नैसर्गिक असेल तर फलक.

"मावशी, घर वाचवायचं तर तुला जंगली ठरवावं लागेल," भाचा चाचरत म्हणाला.

"अरे मेल्या, तुझे काका तीस वर्षं तेच म्हणत होते, तेव्हा कुणी पाटी नाही लावली!"

मावशी नैसर्गिक की अतिक्रमण, हे ठरवायला समिती आली. तिनं मावशीला तीन बाजूंनी पाहिलं. (चौथ्या बाजूला ओटा होता.)

"स्थलांतर वगैरे करता का?"

"लेकीकडे जाते की. चार दिवसांत जावयाशी वाजतं, मग परत."

'अल्पकालीन स्थलांतर', समितीनं टिपून घेतलं. मावशी संरक्षित झाली, घर वाचलं, भाच्याच्या जिवात जीव आला.

मग उरलेली कलमं लागू झाली. खायला घालणे, हात लावणे, वीस फुटांच्या आत जाणे मना. रोज संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन येणारा भाचा आता दोरीपलीकडून नुसत्या खुणा करू लागला.

"अरे, फेक तरी!" मावशी ओरडली.

पण वस्तू न फेकण्याबद्दलचं कलम तर ठळक अक्षरांत होतं. त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरांत.

पर्यटकांना माहिती अपुरी वाटली, म्हणून फलक वाढवला. वाढत वाढत तो खिडकीवर गेला, मग दारावर. आतून हाक येते, "अरे, दार अडलंय! कुणी ऐकतंय का?" लोक लगेच फलक बघतात. परिच्छेद चार: 'या मोसमात आवाज करते. घाबरू नये.' लोक समाधानानं माना डोलावतात. दार मोकळं करण्याचा भाच्याचा अर्ज तत्त्वतः मंजूर आहे. फक्त फलक काढण्याआधी, तो का काढला याचा फलक लावावा लागतो, आणि त्याला जागा दारावरच आहे.

आपण संवेदनशील आहात. इथपर्यंत उभ्या उभ्या सगळं वाचलंत, एकदोनदा हसलातही. आता कृपया पुढे सरका, मागच्यांना वाचायचं आहे.