फॅट, फॅटर आणि दोघी जावा

बायको गेल्यापासून सरांच्या घरात बोलणारा असा फक्त रेडिओ उरला होता, आणि तो सरांचं काही ऐकून घेत नसे. जन्मभर इंग्रजी व्याकरण शिकवलेल्या माणसाला गप्प बसणं जमेना. शेवटी त्यांनी जिन्यात पाटी लावली : 'मोठ्यांसाठी इंग्रजी. फुकट.' वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा आणि तळमजल्यावरचा शिंपी आले, तेव्हा सरांना आभाळ ठेंगणं झालं.

सर तुलना शिकवत ती जिवंत माणसं ओळीत उभी करून. शाळेत हे खपून जाई. त्यांनी शिंप्याला 'फॅट' केलं, धाकटीला 'फॅटर' आणि उत्साहाच्या भरात थोरलीकडे बोट केलं, "आणि ह्या फॅटेस्ट!"

तेवढं इंग्रजी थोरलीला येत होतं.

"कशावरून हो? हिच्यापेक्षा मी जाड?"

"तसं बघितलं तर," शिंपी बोलून गेला, "कंबर धाकट्या वहिनींचीच जास्त भरते."

"माझी मापं चव्हाट्यावर मांडता?" धाकटी कडाडली. "आता एक चिंधी शिवायला देणार नाही तुमच्याकडे!"

"सर मला फॅटेस्ट म्हणाले तेव्हा बरी खुदखुदत होतीस!" थोरली म्हणाली.

"सर, माझी गिऱ्हाइकं तोडलीत तुम्ही," असं म्हणून शिंपी खाली गेला. जावा तणतणत वर गेल्या. वर्ग पहिल्याच दिवशी बुडाला.

दुसऱ्या संध्याकाळी कुणी फिरकलं नाही. दिवा न लावता सर बसून राहिले. आपण माणसं हातची घालवली, हे त्यांना फार लागलं.

तिसऱ्या दिवशी दारात तिघंही हजर.

"भांडण तुम्ही लावलंत, आता निकालही तुम्हीच द्या!" थोरली म्हणाली.

दोघी सारख्याच, एवढं म्हटलं की मिटलं असतं. शब्द ओठांवर आले होते. पण मिटलं की ही माणसं घरी जाणार.

"असं घाईत नाही ठरवता येत," सर गंभीरपणे म्हणाले. "चहा टाकतो. उद्या पुन्हा बघू."

चहा झाला, वाद झाला, शिंप्याने तर टेप काढून सरांचंच माप घेतलं. निघताना धाकटी दारात घुटमळली.

"सर, आमचं त्याच रात्री मिटलं होतं. काल जिन्यातून जाताना तुम्ही अंधारात एकटेच बसलेले दिसलात. यायला काही कारण नको का? म्हणून आलो भांडायला."

सर चष्मा पुसू लागले.

"मग उद्यापण भांडू," तिने विचारलं, "का नुसतंच आलं तरी चालेल?"