साडेपाच ते साडेनऊ

"इंजिनीअर, समुद्र बघायला साधारण किती वेळ लागतो?"

अण्णांनी हा प्रश्न विचारला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. माझ्या तोंडात टूथब्रश होता आणि अण्णा आखीव कागद घेऊन आमच्या दारात उभे होते. 'थांबा' म्हणून मी पंजा दाखवला. त्यांनी 'पाच मिनिटं' असं लिहून घेतलं.

अण्णा आमचे घरमालक. जे. पी. नगरमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको मुग्धा तीन वर्षं भाड्यानं राहतो. आम्ही नागपूरचे. अण्णांचं घराणं बेंगळुरात कधी आलं, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी'. पुढच्या रस्त्यावर त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. सगळी हयात कपड्यांच्या छटा जुळवण्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ते आधी तिचा रंग सांगतात. मुग्धाची स्कूटर कागदोपत्री निळी आहे. अण्णांच्या मते ती चिंतामणी आहे, आणि या विषयावर तडजोड नाही.

दुसरं म्हणजे, या माणसाला रिकामा वेळ सोसत नाही. साडेनऊला शटर वर, दीडला डबा, साडेआठला शटर खाली. रविवारी दुकान अर्धा दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसात ते घरातल्या नळांचे वॉशर बदलतात, मग ते बिघडलेले असोत की नसोत. आमच्या मोरीचा नळ तीन वर्षांत एकदाही गळला नाही आणि तरी त्याला सहा वेळा नवा वॉशर मिळालाय.

अशा माणसाला त्याच्या मुलानं जर्मनीहून अंदमानची सहल भेट दिली. अण्णा-अक्कांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. बेटावर, अगदी समुद्राला लागून, पाच रात्री. अण्णा मेल उघडत नाहीत म्हणून तिकिटं माझ्या मेलवर आली, आणि तिथूनच माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं.

"पाच दिवस तिथं करायचं काय?" अण्णा म्हणाले.

"काहीच नाही. आराम."

"आराम कशाचा? काम केलंय का काही तिथं?"

मी लॅपटॉप उघडून त्यांना बेटाचा व्हिडिओ दाखवला. पाणी बघून ते खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं, विरघळले. बराच वेळ बघून म्हणाले, "काठाला पिस्ता, मग रामा ग्रीन, मागं मोरपंखी. सगळं दुकानात आहे."

मग त्यांनी त्या आखीव कागदावर वेळापत्रक मांडायला घेतलं. दर तासाला एक रकाना. रकाना भरायची जबाबदारी माझी, कारण 'तू कम्प्युटरवाला'.

"सकाळी समुद्रात मासे बघता येतात," मी म्हणालो. "तोंडाला नळी लावून."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"सरी. त्यानंतर?"

"त्यानंतर नाश्ता."

"सरी. त्यानंतर?"

असं 'त्यानंतर' करत करत आम्ही दोन रविवार घालवले. मी त्यांना होडी दिली, दीपगृह दिलं, नारळपाणी दिलं. नारळपाण्याला त्यांनी सात मिनिटं दिली, मलईसकट. एकदा तर मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू, समोर परदेशातले ग्राहक, आणि माझ्या खांद्यामागून अण्णांचं डोकं उगवलं. "इंजिनीअर, तिथं सूर्य किती वाजता बुडतो, स्वल्प बघून सांग की."

मीटिंग संपल्यावर मी बघितलं. अंदमान फार पूर्वेला. तिकडं सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. हे सांगितलं आणि माझी शांती संपली.

"साडेपाच?" अण्णा मटकन बसले. "आणि झोपायचं साडेनऊला. चार तास! पाच दिवसांचे वीस तास! अंधारात!"

त्या चार तासांनी मला जेरीला आणलं. अण्णांनी स्वतः हॉटेलला फोन लावला आणि हिंदीत विचारलं, "शाम को आपके यहाँ क्या होता है?" पलीकडचा म्हणाला, कँडललाइट डिनर. अण्णा धापा टाकत वर आले. "बेटावर वीज नाहीये!" मी समजावलं. मग तिथं भजनी मंडळ आहे का, याची चौकशी झाली. वाचनालय? शिंपी? शिंपी असता तर अण्णा संध्याकाळभर त्याच्याकडं बसले असते. मग त्यांना वाटलं, माणसं वाढवावीत. धाकट्या बहिणीला आणि मेव्हण्याला विचारलं. व्याह्यांना विचारलं. शेवटी आम्हाला. "तुम्ही दोघं चला की. तिकडं बसून ऑफिस कर."

पुढच्या रविवारी दुकान बंद करायच्या वेळेला त्यांनी मला पुन्हा बोलावलं. शटर अर्धं खाली होतं. टेबलावर तोच कागद, आणि साडेपाच ते साडेनऊचे वीसच्या वीस रकाने कोरे.

माझा तोल गेला. "अण्णा, जायचं नसेल तर जाऊ नका! मुलाला स्पष्ट सांगा. नाहीतर अक्कांना एकटीला पाठवा. पण मला आता सोडा."

अण्णा काउंटरवर पडलेले ब्लाउजपीस उचलून घड्या घालत राहिले. एक मोडली, पुन्हा घातली.

"लग्न झालं तेव्हा घरात अकरा माणसं होती," ते म्हणाले. "ती स्वयंपाकघरात, मी दुकानात. मग पोरगा झाला. मग आई नऊ वर्षं अंथरुणाला होती, ते सगळं हिनंच केलं. आता दोघंच आहोत, पण जेवताना टीव्ही असतो. बोलतो की आम्ही. सिलिंडर आला का. पाणी आलं का. दूधवाला आला का." त्यांनी पुढचा पीस ओढला. "तिथं सिलिंडर पण यायचा नाही."

मी समोरचं स्टूल ओढून बसलो.

"पाच दिवस मी आणि ती. समोरासमोर." त्यांनी माझ्याकडं न बघता घडी दाबून सपाट केली. "तिच्याशी बोलायचं काय, ते मला ठाऊक नाही रे."

मी चौतीस वर्षांचा. लग्नाला चार वर्षं. पेन घेऊन पहिल्या कोऱ्या रकान्यात 'गप्पा' असं लिहिलं.

अण्णांनी वाचलं. "विषय?" असं विचारलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

निघायच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. अण्णांच्या बॅगेत पत्त्यांचे दोन कॅट, रेडिओ, शब्दकोड्यांची पुस्तकं आणि वॉशरचं एक पाकीट होतं. अक्कांची बॅग लहानशी. त्या मागच्या सीटवर शांत बसल्या होत्या आणि खिडकीतून उड्डाणपुलाचे खांब बघत होत्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढे रविवार आम्ही दोघं बेटाच्या एकेका तासावरून भांडत होतो, पण अक्कांना काय करायचंय, हे ना अण्णांनी विचारलं ना मी.

पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. मी चक्क बेचैन झालो. मुग्धा म्हणाली, "सुटलास ना एकदाचा? मग दर पाच मिनिटांनी फोन कशाला बघतोयस?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात होतो, तेव्हा अण्णांचा फोन आला. मी मनाची तयारी केली. नारळपाणी पाच मिनिटांतच संपलं असणार.

"इंजिनीअर," अण्णा कुजबुजत होते. मागं लाटांचा आवाज. "हिला पोहता येतं."

"काय?"

"अक्काला. पोहता येतं! सुनेनं दिलेला पंजाबी ड्रेस घातला, चप्पल आणि चष्मा माझ्या हातात दिला आणि गेली की सरळ पाण्यात. मी ओरडायला लागलो. बुडणाऱ्यांना वाचवायला काठावर तो शिट्टीवाला असतो ना, तो धावला. तोवर ही हात मारत तिकडं, पाण्यात हद्दीची दोरी बांधलीय तिथपर्यंत. मासोळीसारखी! शिट्टीवाला म्हणतो, अंकल, मॅडम को कुछ नहीं होगा, आप बैठो."

"अहो, पण कुठं शिकल्या?"

"तेच मी विचारलं. माहेरी. तुंगभद्रेच्या काठाला गाव नाही का त्यांचं. भावांबरोबर रोज पोहायची म्हणे. पुरात एकदा म्हशीच्या शेपटीला धरून पलीकडं गेली होती. मी म्हणालो, चाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस? तर म्हणते, पाणी कुठं होतं तिथं बोलायला."

मी मीटिंगच्या खोलीत जाऊन दार लावलं.

"आमच्या दुकानाच्या मागच्या बाजूला, तुला ठाऊक आहे, पोहण्याचा तलाव आहे. वीस वर्षं झाली असतील. मी रोज त्याच्यासमोरून जातो. मी विचारायला पाहिजे होतं रे."

"आता कुठं आहेत अक्का?"

"आत्ताच बाहेर आलीय. केस पिळतेय."

पलीकडून अक्कांचा आवाज आला. तीन वर्षांत मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "अहो, कुणाशी बोलताय? इकडं या की! त्या म्हशीचं पुढं सांगायचं राहिलंय!"

"आलो, आलो," अण्णा म्हणाले, आणि फोन बंद करायचा विसरून तसेच निघून गेले. मी तो बराच वेळ कानाला लावून बसलो. नीट काही ऐकू येत नव्हतं. मधूनच अक्का बोलत होत्या, आणि अण्णा हसत होते.